लहान मुलांचा मास्कवाला स्पेसर : अठरा महिन्यांच्या वापरानंतर

इनहेलरमधील औषध लहान मुलाच्या छातीपर्यंत पोहोचवण्यासाठी जे पारदर्शक नळकांडे वापरतात, ज्याच्या एका टोकाला इनहेलर बसतो आणि दुसऱ्या टोकाला मऊ मास्क असतो, त्या स्पेसरविषयी हे लिहीत आहे. आमच्या मुलीसाठी तो प्रथम घरात आला तेव्हा ती दोन वर्षे चार महिन्यांची होती आणि आता ती लवकरच चार वर्षांची होईल. या अठरा महिन्यांत आम्ही दोन स्पेसर वापरले. पहिला जवळजवळ पाच महिने चुकीच्या रीतीने वापरला आणि त्या काळात या औषधाचा मुलीला उपयोगच होत नाही अशी आमची पक्की समजूत होऊन बसली होती. दुसरा नीट शिकून घेऊन वापरला आणि तेच औषध, त्याच मात्रेत, त्याच मुलीला लागू पडले. त्यामुळे हा अभिप्राय जितका वस्तूबद्दल आहे तितकाच ती हाताळण्याबद्दलही आहे.

पाळणाघरात जाऊ लागल्यापासून मुलगी सारखी आजारी पडत असे. आधी नाक वाहायचे, मग ताप, मग खोकला, आणि खोकला थांबतो न थांबतो तोच पुन्हा नाक वाहू लागायचे. पहिल्या वर्षात माझ्या वहीत अकरा आजारपणांची नोंद आहे. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तेव्हा समजावून सांगितले की निरोगी लहान मुलालाही वर्षातून ६ ते ८ वेळा सर्दी होते, इतर मुलांमध्ये रोज मिसळणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा आकडा १० ते १२ पर्यंतही जातो, आणि तेवढ्यावरून मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे असे म्हणता येत नाही. सर्दी आणणाऱ्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि लहान मुलाच्या शरीराला त्यांची ओळख एकेक करून करून घ्यावी लागते. शिवाय सर्दीनंतरचा खोकला निम्म्या मुलांमध्ये सुमारे १० दिवसांत जात असला, तरी १० पैकी ९ मुलांचा खोकला जायला साधारण २५ दिवस लागतात. वर्षाला आठ-दहा सर्द्या आणि प्रत्येकीमागे दोन-तीन आठवड्यांचा खोकला, असा हिशेब मांडला की मूल वर्षातले निम्मे दिवस खोकत का असते हे कळते. त्या एका संभाषणानंतर मी खोकल्याच्या बाटल्या शोधत फिरणे थांबवले.

तरीही आमच्या मुलीच्या काही सर्द्या वेगळ्या वळणाने जात असत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री खोकल्याची ढास सुरू व्हायची, श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा आणि झोपेतही तिचे पोट उडत असायचे. एका रात्री दिव्याच्या उजेडात तिचा सदरा वर केला तेव्हा प्रत्येक श्वासाला फासळ्यांच्या मधली आणि गळ्याखालच्या खळगीतली कातडी आत ओढली जात होती. ते दृश्य एकदा पाहिल्यावर विसरता येत नाही. आम्ही तिला तसेच रुग्णालयात नेले, तिथे नेब्युलायझरने, म्हणजे पातळ औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणाऱ्या यंत्राने, औषध दिल्यावर पहाटेपर्यंत श्वास सुधारला, आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी इनहेलर आणि स्पेसर लिहून दिला. दमा हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. पाच वर्षांखालील मुलांमध्ये विषाणूच्या संसर्गाबरोबर छाती वाजणे फार सर्रास आढळते, त्यांपैकी बऱ्याच मुलांचा हा त्रास वाढत्या वयाबरोबर जातो आणि या वयात दम्याचे निदान खात्रीने करणे अवघड असते, असे त्यांचे म्हणणे होते.

दाबाखालच्या डबीतून मोजून फवारा देणारा इनहेलर १९५६ मध्ये वापरात आला आणि तो मुळात मोठ्या माणसासाठी बेतलेला आहे. डबी दाबणे आणि त्याच क्षणी संथ, खोल श्वास घेणे हा ताळमेळ मोठ्यांनाही सहज जमत नाही. तोंडात थेट मारलेला फवारा इतक्या वेगाने येतो की बरेचसे औषध घशाच्या मागच्या भागावर आपटते आणि गिळले जाते. फुप्फुसात खोलवर पोहोचण्यासाठी औषधाचे कण साधारण १ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतके बारीक असावे लागतात. स्पेसरच्या पोकळीत फवाऱ्याचा वेग कमी होतो, मोठे थेंब भिंतींवर बसतात आणि बारीक कण हवेत तरंगत राहतात. मास्कच्या बाजूला असलेली एकदिशा झडप मुलाने श्वास घेतला की उघडते, सोडला की बंद होते, त्यामुळे मुलाने वेळ साधण्याची गरज उरत नाही. त्याने केवळ नेहमीसारखा श्वास घेत राहायचे असते.

लहान मुलांना हे एवढे महत्त्वाचे का, याचे उत्तर त्यांच्या श्वासनलिकांच्या आकारात आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिच्यातून हवा संथपणे वाहण्याला होणारा अडथळा दुप्पट नव्हे तर सोळापट होतो. ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली तर नेमके हेच घडते. मोठ्या माणसाच्या रुंद नळीत तेवढ्याच सुजेने फारसे बिघडत नाही. सगळ्या घराला झालेल्या एकाच सर्दीत आम्ही नुसते शिंकत होतो आणि मुलगी मात्र श्वासासाठी झगडत होती, याचे कोडे मला हा हिशेब समजल्यावर उलगडले.

पहिला स्पेसर आम्ही घाईत घेतला. औषधाच्या दुकानात जो होता तो उचलला. त्याचा मास्क कडक प्लॅस्टिकचा होता, त्याची कड मुलीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना टेकत नसे आणि झडप हलते की नाही हे बाहेरून दिसण्याची कोणतीही सोय त्यात नव्हती. सोबतच्या कागदावरची अक्षरे इतकी बारीक होती की रात्रीच्या वेळी ती वाचणे अशक्य होते, आणि वापरानंतर साफसफाई कशी करावी याबद्दल त्यात एकच मोघम ओळ होती. मुलगी मास्क पाहिला की रडत असे. आम्हाला वाटे की रडताना मूल मोठे श्वास घेते, म्हणजे औषध चांगलेच आत जात असेल. एक जण तिचे हात धरायचा, दुसरा मास्क दाबायचा आणि एकामागोमाग एक असे सगळे पफ, म्हणजे इनहेलरचे फवारे, मारून आम्ही मोकळे व्हायचो. त्यानंतर मी ते नळकांडे स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने आतून काळजीपूर्वक पुसून पेटीत ठेवत असे. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची होती आणि पाच महिने ती आम्हाला कोणी सांगितली नाही, कारण आम्ही ती कोणाला करून दाखवलीच नव्हती.

त्या काळात मुलगी आणखी दोनदा रुग्णालयात गेली. दुसऱ्या खेपेला तिथल्या एका परिचारिकेने आम्हाला सोबत आणलेला स्पेसर बाहेर काढायला लावले आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही घरी जसे देता तसे माझ्यासमोर द्या.’’ आम्ही दिले. त्या मध्ये काही बोलल्या नाहीत, शेवटपर्यंत पाहिले आणि मग एकेक गोष्ट दुरुस्त केली. त्या वीस मिनिटांचे मोल माझ्या लेखी आजवर लिहून मिळालेल्या सगळ्या औषधांइतके आहे.

त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट रडण्याबद्दल होती. रडणारे मूल लांबलचक उच्छ्वास सोडते आणि मध्येच झटक्याने श्वास ओढते, त्यामुळे कण घशावर आपटतात आणि छातीत फारच थोडे औषध पोहोचते. दुसरी गोष्ट मास्कच्या कडेची. मास्क आणि गाल यांच्यात थोडी जरी फट राहिली तरी मूल त्या फटीतून बाहेरची हवा घेते, झडप उघडतच नाही आणि औषध नळकांड्यातच बसून राहते. तिसरी गोष्ट अशी की एका वेळी एकच पफ द्यायचा, त्यावर पाच-सहा शांत श्वास होऊ द्यायचे, मग इनहेलर पुन्हा हलवून पुढचा पफ द्यायचा. नळकांड्यात दोन-तीन पफ एकदम मारले तर कण एकमेकांना आणि भिंतींना चिकटून वाया जातात. आणि चौथी गोष्ट, जी ऐकून मला सर्वांत जास्त वाईट वाटले, ती माझ्या सुती कापडाची. प्लॅस्टिक कोरड्या कापडाने घासले की त्यावर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि तो औषधाचे बारीक कण भिंतीकडे खेचून घेतो. मी रोज निगुतीने जे करत होते त्यामुळेच तिचे औषध भिंतीला चिकटत होते.

दुसरा स्पेसर मात्र आम्ही पारखून घेतला. त्याचा मास्क सिलिकोनचा आहे, कड आतल्या बाजूला वळलेली आणि इतकी मऊ आहे की हलक्या हाताने धरली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीखाली बसते. मास्क वयाप्रमाणे वेगवेगळ्या मापांचे मिळतात. मापापेक्षा मोठा मास्क घेतला तर तो डोळ्यांपर्यंत येतो, फट राहते आणि मास्कच्या आत उरणाऱ्या जागेत बरीच हवा नुसतीच अडकून राहते. या स्पेसरच्या पुढच्या बाजूला एक छोटी पिवळी पट्टी आहे. श्वास नीट चालू असेल आणि मास्क घट्ट बसला असेल तर ती प्रत्येक श्वासाबरोबर हलते. मास्क किंचित सरकला की पट्टी थांबते. माझ्या मते लहान मुलासाठी स्पेसर घेताना पाहण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही पट्टी आहे, कारण तिच्याशिवाय औषध आत जाते आहे की नाही हे आई-बापांना कळण्याचा दुसरा मार्गच नसतो.

मुलीने त्या पट्टीला पाखरू असे नाव दिले. पहिले दहा दिवस आम्ही तिला औषध न भरता, दिवसाउजेडी, ती खेळत असताना नुसता मास्क हाताळू दिला. तिने तो स्वतःच्या गालाला लावला, गुडघ्याला लावला, माझ्या नाकाला लावला. मग एके दिवशी तिच्या लक्षात आले की आपण श्वास घेतला की पाखरू हलते. त्यानंतर मास्क धरायला दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही. आता ती माझ्या मांडीवर पाठ टेकून बसते, मी एका हाताने मास्क धरते, दुसऱ्या हाताने डबी दाबते आणि ती पाखराकडे पाहत राहते. मोजणी मीच मनात करते. आजारपणात, मध्यरात्री, खोकल्याने दमलेली असतानाही ती मास्क पाहून तोंड फिरवत नाही. आजारी नसताना घडवलेली ही सवय आजारपणात किती उपयोगी पडते याची मला आधी कल्पना नव्हती, आणि ज्यांच्या घरी स्पेसर नव्याने येणार आहे त्यांनी पहिल्या औषधाआधी हे दहा दिवस शक्य असेल तर अवश्य द्यावेत.

धुण्याची पद्धतही आता ठरलेली आहे. आठवड्यातून एकदा सगळे भाग सुटे करून कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे थोडे थेंब टाकून पंधरा मिनिटे बुडवून ठेवते, नळकांडे पुन्हा साध्या पाण्याने न खळबळता तसेच उभे करून हवेवर वाळू देते आणि मास्क तेवढा साध्या पाण्याने धुते, कारण तो तोंडाला लागतो. आत राहिलेला साबणाचा अतिशय पातळ थर तो विद्युतभार तयार होऊ देत नाही. उत्पादकांच्या सूचना यात थोड्याफार वेगळ्या असतात, म्हणून आपल्या स्पेसरबरोबरचा कागद आधी पाहावा. मुळातच विद्युतभार न धरणाऱ्या प्लॅस्टिकचे स्पेसरही मिळतात. उकळत्या पाण्यात मात्र स्पष्ट सूचना असल्याशिवाय कोणताच स्पेसर टाकू नये. आमच्या पहिल्या स्पेसरची झडप अशाच एका उत्साहाच्या भरात वाकडी झाली होती.

नेब्युलायझर आणि स्पेसर यांची तुलना मला बरेच जण विचारतात. आमच्याकडे काही महिने घरी नेब्युलायझरही होता. तो चालताना आवाज करतो, एका वेळच्या औषधाला आठ-दहा मिनिटे लागतात, वीज लागते आणि त्याच्या भांड्याची स्वच्छता नीट राखली नाही तर त्यातूनच संसर्ग होऊ शकतो. स्पेसरला दोन-तीन मिनिटे पुरतात आणि तो पिशवीत मावतो. मोठे यंत्र म्हणजे जोरदार उपचार, असा आमचाही समज होता. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात सौम्य ते मध्यम झटक्यांसाठी स्पेसरने दिलेले औषध नेब्युलायझरइतकेच परिणामकारक आढळले आहे आणि मुलांच्या नाडीचे ठोके स्पेसरने कमी वाढतात असेही दिसले आहे. श्वासाचा त्रास फार तीव्र असेल आणि प्राणवायू द्यावा लागत असेल तेव्हा रुग्णालयात नेब्युलायझरच लागतो, हा भाग वेगळा. आमचा नेब्युलायझर आता वर्षभर कपाटात आहे.

घरातल्या शंकांबद्दलही लिहायला हवे, कारण त्यांमुळे आम्ही सुरुवातीला एक-दोनदा औषध द्यायला उशीर केला. सासूबाईंना पंपाची धास्ती होती. ‘‘एवढ्याशा जिवाला पंपाची सवय लागली तर पुढे कसे व्हायचे?’’ हा त्यांचा प्रश्न होता आणि तो मायेपोटीच होता. डॉक्टरांनी त्यांना आकडे सांगितले. आवळलेल्या श्वासनलिका सैल करणाऱ्या सॅल्ब्युटामॉल या औषधाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. तेच औषध पातळ स्वरूपात पोटातून द्यायचे तर या वयाच्या मुलाला एका वेळी साधारण १ ते २ मिलिग्रॅम द्यावे लागते, ते सगळ्या शरीरात फिरते आणि हात थरथरणे, छाती धडधडणे हा त्रास जास्त होतो. इनहेलरमधील औषध थेट जिथे हवे तिथे जाते म्हणून इतके थोडे पुरते, आणि त्याचे व्यसन लागत नाही. वारंवार छाती वाजणाऱ्या आमच्या मुलीला पुढे रोजचा प्रतिबंधक इनहेलरही काही महिने दिला गेला. त्यात स्टेरॉइड असते. त्याचे अनिष्ट परिणाम कमी असले तरी अगदीच नसतात असे नाही. नियमित वापराच्या पहिल्या वर्षात उंचीची वाढ सरासरी अर्ध्या सेंटिमीटरने कमी भरते असे आढळले आहे, आणि औषध दिल्यावर तोंड खळखळून धुतले नाही तर तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. मास्क लावणाऱ्या मुलाचा चेहराही ओल्या कापडाने पुसावा लागतो. हे सगळे डॉक्टरांनी आधीच मोकळेपणाने सांगितले, त्यामुळे सासूबाईंचा विश्वास बसला. आता दुपारचे औषध त्याच देतात, आणि श्वासांची मोजणी माझ्यापेक्षाही काटेकोर करतात.

एक दोष स्पेसरचा नसून इनहेलरचा आहे, पण तो स्पेसर वापरणाऱ्यांनाच भोवतो. आमचा एक इनहेलर मात्रा मोजणाऱ्या आकड्याशिवायचा होता. डबीत साधारण २०० पफ असतात. औषध संपल्यानंतरही फवारा उडवणारा वायू काही काळ उरतो, त्यामुळे डबी दाबली की आवाज येतो, धूरही दिसतो आणि औषध मात्र जात नाही. एका आजारपणात आम्ही दोन दिवस असा रिकामा फवारा मारत होतो. डबी पाण्यात तरंगते की बुडते यावरून ठरवण्याची जुनी युक्तीही भरवशाची नाही. तेव्हापासून आम्ही आकडा दाखवणाराच इनहेलर घेतो, आणि तो बरेच दिवस वापरला नसेल तर मुलीला देण्याआधी दोन पफ हवेत सोडून पाहतो.

आता या वस्तूने काय केले नाही ते. स्पेसर आल्यामुळे मुलीच्या सर्द्या कमी झाल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी माझ्या वहीत नऊ आजारपणे आहेत, आणि अकराची नऊ झाली ती वयामुळे असे मी मानते. फरक पडला तो त्या आजारपणांच्या तीव्रतेत. गेल्या तेरा महिन्यांत तिला श्वासासाठी एकदाही रुग्णालयात ठेवावे लागलेले नाही. छाती वाजू लागली की ठरवून दिलेल्या मात्रेत औषध सुरू होते, काही मिनिटांत श्वास हलका होतो आणि ती झोपते.

प्रत्येक खोकल्याला मात्र इनहेलर लागू नसतो, हे आम्हाला गेल्या वर्षीच्या एका लांबलेल्या खोकल्याने शिकवले. तो खोकला ओला होता, घरघरणारा, कफाचा, सकाळी उठल्यावर विशेष जाणवणारा. छाती वाजत नव्हती, तापही नव्हता, ती खेळत होती. आम्ही पाच आठवडे पफ देत राहिलो आणि काडीचा फरक पडला नाही. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की मुलांमध्ये चार आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला जुनाट धरून त्याचे कारण शोधावे लागते, आणि रोजचा ओला खोकला एवढा लांबला तर श्वासनलिकांमध्ये जिवाणूंनी ठाण मांडलेले असू शकते. विषाणूच्या सर्दीत निरुपयोगी ठरणारे प्रतिजैविक अशा वेळी खरोखर लागते. दोन आठवड्यांचे औषध पूर्ण केल्यावर तो खोकला गेला. याउलट साध्या सर्द्यांमध्ये त्याआधी तिला तीनदा विनाकारण प्रतिजैविके दिली गेली होती, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून स्पेसर घरात असला तरी काही खुणांकडे लक्ष ठेवावेच लागते. मूल शांत असताना किंवा झोपेत पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. १ ते ५ वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा अधिक आणि २ ते १२ महिन्यांच्या बाळात ५० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास, असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. फासळ्या आत ओढल्या जाणे, ओठ निळसर होणे, मूल गुंगीत जाणे, पाणीही न पिणे, किंवा पफ दिल्यानंतरही चार तास न टिकता त्रास परत येणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी प्रयोग करत बसू नये. खेळता-खेळता किंवा खाता-खाता ठसका लागून अचानक सुरू झालेला खोकला असेल तर श्वासनलिकेत काही अडकले असण्याची शक्यता असते आणि ते तातडीचे असते. वर्षात दोनदा न्यूमोनिया होणे, चार किंवा अधिक वेळा कान फुटणे वा दुखणे, वजन न वाढणे, दोन महिने प्रतिजैविके देऊनही गुण न येणे, या गोष्टी नेहमीच्या सर्दी-खोकल्यात बसत नाहीत. अशा वेळी प्रतिकारशक्तीच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. आणि ज्या घरात कोणी धूम्रपान करत असेल तिथे उत्तम स्पेसरही अर्धेच काम करील, हे मी स्पष्टच लिहिते.

सध्याच्या स्पेसरबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. मास्क सुटा विकत मिळत नाही, त्यामुळे त्याची कड झिजली की सगळा स्पेसरच बदलावा लागतो, आणि तसाही तो सहा महिने ते वर्षभरात बदलण्याची शिफारस असतेच. दुसरी तक्रार मागच्या रबरी भागाची आहे. सगळे इनहेलर त्यात बसतात असे वेष्टनावर लिहिलेले असले तरी आमच्या प्रतिबंधक इनहेलरचे तोंड थोडे रुंद असल्याने तो कलता बसतो आणि मला बोटाने आधार द्यावा लागतो. घेण्यापूर्वी आपला इनहेलर सोबत नेऊन बसवून पाहावा.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रोजचा प्रतिबंधक इनहेलर थांबवून पाहायला सांगितले आहे. तात्पुरत्या आरामाचा इनहेलर आणि स्पेसर मात्र पलंगाजवळच्या खणात आहे, आणि त्याची एक जोडी पाळणाघरात, कसे द्यायचे ते लिहिलेल्या कागदासह, ठेवलेली आहे. चार वर्षांच्या आसपास मुले मास्क सोडून तोंडात धरायच्या नळीवर येऊ शकतात, म्हणून आम्ही तिला तेही शिकवत आहोत. अजून ती नळी ओठांत धरून श्वास मात्र नाकानेच घेते आणि पाखरू हलत नाही म्हणून माझ्याकडे पाहते.